बीगलचे पिल्लू घेताना आधी आई पाहावी, मग पिल्लू

मराठवाड्यात बैलजोडी घेताना आजही कोणी नुसता फोटो पाहून पैसे देत नाही. देवणी असो वा लालकंधारी, दात पाहिले जातात, खूर पाहिले जातात, चार पावले चालवून पाहिले जाते आणि जनावर कोणाच्या दावणीचे आहे हे विचारल्याशिवाय सौदा पुढे सरकत नाही. कुत्र्याचे पिल्लू घेताना मात्र हीच चौकस माणसे मोबाइलवर आलेल्या एका गोंडस छायाचित्राला भुलतात, क्यूआर कोडवर इसार पाठवतात आणि दोन दिवसांनी ट्रॅव्हल्सच्या गाडीतून खोक्यात घातलेले, उलट्या करणारे महिन्याभराचे पिल्लू उतरवून घेतात. बीगलच्या बाबतीत हे फार होते, कारण लांब कान, मोठे तपकिरी डोळे आणि तीन रंगांचे अंग यांमुळे या जातीला मागणी मोठी आहे आणि मागणी असेल तिथे घाईने पैदास करणारेही असतात. पहिल्यांदाच बीगल घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाने कोणत्या क्रमाने जावे, कोणाला काय विचारावे आणि कोणत्या ठिकाणी हात आखडता घ्यावा, हे या लेखात मांडले आहे.

आधी आपले घर तपासावे

बीगल हा इंग्लंडमध्ये सशांच्या शिकारीसाठी वाढवलेला, वासावर माग काढणारा कुत्रा आहे. तो टोळीने धावत असे, नाक जमिनीला लावून तासन्‌तास माग सोडत नसे आणि मागे राहिलेल्या शिकाऱ्याला आपण कुठे आहोत हे कळावे म्हणून लांब हेल काढून ओरडत असे. या एका वाक्यात त्याचा सगळा स्वभाव आला. वास लागला की मालकाची हाक त्याच्या लेखी दुय्यम ठरते, म्हणून उघडे फाटक किंवा कमी उंचीचे कुंपण असलेल्या घरात तो टिकत नाही. टोळीची सवय असल्याने दिवसभर एकटे राहणे त्याला सोसत नाही आणि एकटा पडला की त्याचा तो लांब हेल चार घरे सोडून पलीकडे ऐकू जातो. ज्या घरातील सगळेच सकाळी नऊ ते सायंकाळी सहा बाहेर असतात, त्यांनी बीगल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा मोठा गैरसमज राखणीचा. शेतावर किंवा आखाड्यावर राखणीला ठेवायचे म्हणून बीगल मागणारे लोक भेटतात. बीगल अनोळखी माणसाकडेही शेपटी हलवत जातो. त्याच्याकडून राखणीची अपेक्षा ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. शेतावरच्या उन्हातान्हात टिकणारा, चपळ कुत्रा हवा असेल तर लातूर जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला कारवान आहे, आणि साधा गावठी कुत्राही हे काम उत्तम करतो. शिवाय कापूस-सोयाबीनच्या शिवारात फवारणीच्या दिवसांत मोकळा सोडलेला बीगल धोक्यातच असतो, कारण जे नाकाला आवडेल ते तो तोंडात घालतो. उंदरांसाठी ठेवलेले विषारी आमिषही त्याला वर्ज्य नसते.

पूर्ण वाढलेल्या बीगलची खांद्यापर्यंतची उंची साधारण ३३ ते ४० सेंटिमीटर भरते आणि वजन दहा किलोच्या आसपास असते, त्यामुळे फ्लॅटमध्ये तो सहज मावतो. मात्र दररोज तासभर चालणे आणि हुंगायला वेळ देणे चुकवता येत नाही. त्याचे आयुष्य १२ ते १५ वर्षांचे असते. दहावीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेले पिल्लू त्या मुलाचे शिक्षण होऊन तो नोकरीनिमित्त पुण्याला गेल्यानंतरही घरात असणार आहे आणि तेव्हा त्याला फिरवायला कोण नेणार, हे आजच ठरले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर बांधून ठेवण्याचा विचार असेल तर पुढचे काही वाचण्याची गरज नाही, पिल्लू न घेणे हेच योग्य.

पिल्लूच हवे असा आग्रह नसेल तर एक वाट आणखी आहे. शांत स्वभावामुळे बीगल औषध-प्रयोगशाळांमध्ये वापरले जातात, आणि तेथून सुटका झालेल्या प्रौढ बीगलना घर मिळवून देणाऱ्या संस्था बेंगळुरूसारख्या शहरांत आहेत. अशा कुत्र्याला माणसांत रुळवायला वेळ लागतो, पण धीर असलेल्या कुटुंबाने हा विचार जरूर करावा.

ब्रीडर कसा शोधावा

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत बीगलची जबाबदारीने पैदास करणारे लोक मोजकेच सापडतील. म्हणून पुणे, नाशिक, मुंबई किंवा नांदेडकरांना जवळचे असलेले हैदराबाद, इथपर्यंत शोध न्यावा लागतो आणि त्याची मनाची तयारी सुरुवातीलाच ठेवावी. जवळ मिळाले म्हणून घेतले, हे पिल्लू निवडण्याचे कारण होऊ शकत नाही.

शोधाची सुरुवात जाहिरातींपासून न करता पशुवैद्यकापासून करावी. ज्यांच्याकडे कुत्री नियमितपणे उपचाराला येतात अशा आपल्या शहरातील डॉक्टरांना कोणाची पिल्ले निरोगी निघतात हे ठाऊक असते. परभणी आणि उदगीर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्या परिसरातील वाचकांनी तेथील चिकित्सालयात विचारणा करावी. दुसरा मार्ग श्वानप्रदर्शनांचा. श्वानांच्या वंशावळीची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाशी संलग्न क्लब मोठ्या शहरांत प्रदर्शने भरवतात. तेथे बीगल घेऊन आलेल्या माणसांशी बोलावे, त्यांची कुत्री गर्दीत कशी वागतात ते पाहावे आणि पुढच्या वेताची चौकशी करावी. तिसरा मार्ग म्हणजे ज्यांच्याकडे चार-पाच वर्षांचा, तब्येतीने चांगला बीगल आहे त्यांना तो कोठून आणला हे विचारणे. पिल्लू सहा महिन्यांचे असताना मालक समाधानीच असतो, खरी परीक्षा नंतरच्या वर्षांत होते.

पाळीव प्राण्यांच्या दुकानातून पिल्लू घेऊ नये. दुकानदार प्रामाणिक असला तरी त्याच्याकडे पिल्लाची आई नसते, आणि आई पाहता आली नाही तर या संपूर्ण तपासणीचा पायाच निघून जातो. ओळखीतल्या कोणाच्या घरी झालेल्या पिल्लांबाबत अधिक सावध राहावे लागते, कारण तेथे भीड आड येते. ‘कुत्रीला एकदा तरी पिल्ले झाली पाहिजेत’ या समजुतीतून कॉलनीतल्याच दुसऱ्या बीगलशी जोडी लावलेली असते, नर-मादीची कुठलीही तपासणी झालेली नसते आणि पिल्ले महिन्याची होताच वाटायची घाई असते. अशा घरची पिल्ले प्रेमात वाढलेली असतात हे खरे; तरीही खालची प्रत्येक अट त्यांनाही लावावी.

कायद्याची बाजू इथेच समजून घ्यावी. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० या कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ मध्ये श्वान पैदास व विक्रीचे नियम लागू केले. त्यानुसार ब्रीडरला राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. कुत्री १८ महिन्यांची होण्याआधी आणि आठ वर्षांची झाल्यानंतर तिच्यापासून पैदास करता येत नाही, बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही आणि सबंध आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेण्यास मनाई आहे. हे आकडे पाठच करून ठेवावेत, कारण ब्रीडरशी होणारे पहिले संभाषण याच आकड्यांभोवती फिरणार आहे.

पहिला फोन

फोनवर पहिला प्रश्न किमतीचा नसावा. आई किती वर्षांची आहे, हे तिचे कितवे वेत, मागचे वेत कधी झाले होते, पिल्ले कोणत्या तारखेला जन्मली आणि एकूण किती जगली, हे आधी विचारावे. चांगला ब्रीडर याची उत्तरे अडखळल्याशिवाय देतो. रात्री कोणते पिल्लू आधी झाले आणि कोणाला अंगावर पाजताना त्रास झाला इथपर्यंत तो सांगत बसतो. मग आरोग्याकडे वळावे. आई, बाप, मावशी, आजी यांच्यापैकी कोणाला फिट येत होत्या का, थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, पाठीच्या मणक्याचे दुखणे होते का, आजी-आजोबा अजून जिवंत आहेत का आणि नसतील तर कितव्या वर्षी व कशाने गेले, हे विचारावे. अपस्मार, थायरॉइड ग्रंथीची मंदता, मणक्यांमधील चकतीचे विकार आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात लालसर गाठ बाहेर येणारा ‘चेरी आय’ हे बीगलमध्ये आढळणारे आजार आहेत. कातडी व सांधे आखडवणारा मुस्लाडिन-ल्यूके सिंड्रोम, रक्त गोठवणाऱ्या सातव्या घटकाची कमतरता आणि झटके आणणारा लाफोरा रोग या आनुवंशिक दोषांसाठी डीएनए चाचण्या उपलब्ध आहेत. प्रत्येक ब्रीडरने त्या केलेल्या नसतील, पण प्रश्न जरूर करावा. ‘केल्या नाहीत, पण गेल्या तीन वेतांत असे पिल्लू निघालेले नाही आणि त्या घरांचे फोन क्रमांक देतो’ असे सांगणारा माणूस विश्वासाला पात्र आहे. ‘आमच्या कुत्र्यांना काही होतच नाही’ असे म्हणणारा नाही.

याच फोनमध्ये समोरचा माणूस आपल्याला काय विचारतो याकडे कान द्यावा. घर स्वतःचे की भाड्याचे, घरात कोण कोण असते, याआधी कुत्रा पाळला होता का आणि त्याचे काय झाले, उन्हाळ्यात त्याला कुठे ठेवणार, अशी उलटतपासणी तो करू लागला तर राग मानू नये. आपल्या पिल्लाची काळजी असलेलाच माणूस हे विचारतो. जो फक्त ‘नर की मादी, आणि पैसे कधी पाठवता’ एवढेच विचारतो, त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे. त्याचप्रमाणे ‘पॉकेट बीगल’ किंवा ‘दुर्मिळ रंग’ अशी लालूच दाखवून जादा पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहावे. आज पॉकेट बीगल नावाची मान्यताप्राप्त जात नाही. अंगाने फार लहान राहिलेले पिल्लू बहुधा अशक्त असते किंवा वयाने सांगितले त्यापेक्षा लहान असते.

भेट ठरण्यापूर्वी एक व्हिडिओ कॉल मागावा आणि त्यात आई पिल्लांना पाजताना दाखवायला सांगावे. आधी चित्रित केलेली फीत चालणार नाही, हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. चांगल्या ब्रीडरकडे पिल्ले तयार नसणे आणि पुढच्या वेतासाठी नाव नोंदवून थांबावे लागणे ही सामान्य गोष्ट आहे. वर्षाच्या बाराही महिने, मागाल तेव्हा, मागाल त्या जातीची पिल्ले हजर असणे हेच खरे तर काळजीचे लक्षण आहे.

प्रत्यक्ष भेट

पिल्ले पाच-सहा आठवड्यांची असताना पहिली भेट घ्यावी आणि जमल्यास घरातील लहान मुलांना या भेटीस नेऊ नये, कारण मुलांनी एकदा पिल्लू कुशीत घेतले की रिकाम्या हाताने परतणे अवघड होते. त्या दिवशी अन्य कुठल्याही कुत्र्यांच्या ठिकाणी जाऊन आलेले नसावे. पुण्याजवळच्या एका ब्रीडरकडे मी गेलो असता त्यांनी चपला फाटकाबाहेर काढायला लावल्या, हात साबणाने धुवायला सांगितले आणि मगच आत घेतले. पिल्लांची खोली स्वयंपाकघराला लागून होती. आम्ही बसलो असताना कुकरची शिटी झाली, वरून भांडे पडले, पण सहापैकी एकही पिल्लू पळून कोपऱ्यात गेले नाही. दोघांनी मान वर केली आणि पुन्हा एकमेकांचे कान ओढू लागली. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे आवाज, जी माणसे, ज्या वस्तू अनुभवते त्यांची भीती त्याला पुढे सहसा वाटत नाही. शेडमधल्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाचे हे आठवडे वाया गेलेले असतात आणि नंतर कितीही प्रेम दिले तरी ती उणीव पूर्णपणे भरून निघत नाही.

सर्वांत आधी आईकडे जावे. पाच-सहा आठवड्यांची पिल्ले असलेल्या कुत्रीचे सड लोंबलेले आणि भरलेले असतात, पिल्लांच्या नखांचे बारीक ओरखडे त्यांवर दिसतात, अंगावरचे केस थोडे झडलेले असतात आणि ती किंचित उतरलेली दिसते. हे सगळे स्वाभाविक आहे. उलट आई म्हणून दाखवलेली कुत्री तुकतुकीत, घट्ट पोटाची आणि कोरड्या सडांची असेल तर ती या पिल्लांची आई नाही, असे समजावे. पिल्लांनी तिच्याकडे धाव घेतली पाहिजे आणि तिनेही त्यांना ओळख दिली पाहिजे. ‘आई गावाकडे नेली आहे’, ‘ती चावते म्हणून बांधून ठेवली आहे’ ही दोन उत्तरे ऐकू आली की चहा न घेता उठावे. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही. भित्री किंवा अंगावर येणारी आई असेल तर पिल्लांकडून शांत स्वभावाची अपेक्षा ठेवता येत नाही.

बाप तिथे नसला तर मात्र संशय घेण्याचे कारण नाही. आपल्या कुत्रीला योग्य असा नर शोधत चांगले ब्रीडर दुसऱ्या शहरात जातात आणि घरच्याच नराशी प्रत्येक वेळी जोडी लावणे हे सोयीचे असले तरी शहाणपणाचे नसते. बापाचा नोंदणी क्रमांक, छायाचित्र आणि त्याच्या मालकाचा फोन क्रमांक मिळाला म्हणजे पुरे.

नंतर जागेकडे पाहावे. मुताचा उग्र वास डोळ्यांत झोंबतो का, पाण्याचे भांडे शेवाळलेले आहे का, बाकीची मोठी कुत्री कुठे व कशी ठेवली आहेत, वय झालेली, आता पैदाशीला न वापरली जाणारी कुत्री त्या घरात आहे का आणि तिची निगा राखली जाते का, हे विचारून पाहावे. म्हाताऱ्या कुत्रीला सोफ्याखाली गोधडी अंथरून दिलेली दिसली की माझ्या मनातील निम्म्या शंका मिटतात.

आता पिल्लू. खेळताना ते चारही पायांवर मोकळेपणाने धावते की पुढच्या पायांच्या चवड्यांवर ताठ चालते, हे पाहावे. ताठ चाल, अंगाला घट्ट बसलेली कातडी आणि तिरपे डोळे ही मुस्लाडिन-ल्यूकेची लक्षणे असू शकतात. डोळे स्वच्छ असावेत. कान उलटून आत वास घ्यावा, कारण लोंबत्या कानांत हवा खेळत नाही आणि आंबूस वास येत असेल तर तेथे संसर्ग आहे. हिरड्या गुलाबी असाव्यात. फिकट हिरड्या जंतांकडे किंवा गोचिडांकडे बोट दाखवतात. हातपाय बारीक आणि पोट मात्र ढोलासारखे फुगलेले असेल तर जंताचे औषध नीट झालेले नाही. बेंबीजवळ मऊ गाठ लागते का हे बोटाने चाचपावे. लहान हर्निया ही पिल्लू नाकारण्याइतकी मोठी गोष्ट नाही, पण ती ब्रीडरने स्वतःहून सांगितली पाहिजे. बीगलची पिल्ले जन्मतात तेव्हा बहुतेकदा काळी-पांढरी असतात आणि तपकिरी छटा हळूहळू उमटते, म्हणून रंग फिका आहे याची चिंता करू नये. शेपटीचे टोक पांढरे असणे हे जातीचे ओळखचिन्ह आहे.

कोणते पिल्लू घ्यायचे हे ब्रीडरवर सोपवण्यास मी सुचवेन. आपण ज्याला तासभर पाहतो त्याला त्याने रात्रंदिवस पाहिलेले असते. घरात वृद्ध आई-वडील आहेत की दांडगी मुले आहेत हे खरेखुरे सांगितले तर तो योग्य पिल्लू काढून देतो. नर की मादी याने बीगलमध्ये फारसा फरक पडत नाही. एकाच वेताची दोन पिल्ले एकदम नेण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ती एकमेकांत इतकी रमतात की माणसाचे ऐकायला शिकत नाहीत.

कागद

कागदपत्रांत तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे राज्य पशु कल्याण मंडळाकडील ब्रीडरच्या नोंदणीचे प्रमाणपत्र. त्यावरील नाव आणि समोरच्या माणसाचे नाव एकच आहे ना, आणि मुदत संपलेली नाही ना, हे वाचून घ्यावे. दुसरी म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘केसीआय’ म्हणतात. त्यात पिल्लाची वंशावळ असते आणि पिल्लाच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा पंधरा अंकी क्रमांक असतो. प्रमाणपत्र यायला वेळ लागत असेल तर निदान आई-बापांची प्रमाणपत्रे आणि वेताच्या नोंदणीचा अर्ज दाखवायला सांगावे. एक गोष्ट विसरू नये की हे प्रमाणपत्र वंश सांगते, प्रकृती सांगत नाही. ‘केसीआयचे पिल्लू आहे’ एवढ्यावर निर्धास्त होणारे पुष्कळ लोक दवाखान्यात भेटतात.

तिसरा कागद सर्वांत महत्त्वाचा, तो लसीकरणाच्या कार्डाचा. त्यावर नुसती तारीख आणि बरोबरची खूण पुरत नाही. लसीच्या कुपीवरचे लेबल काढून कार्डावर चिकटवलेले असावे, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख दिसावी आणि शेजारी पशुवैद्यकाची सही व नोंदणी क्रमांक असावा. औषध दुकानातून लस आणून स्वतःच टोचणारे लोक आहेत. ती लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिली होती की नाही याची खात्री कोणी देऊ शकत नाही. पार्वो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगांविरुद्धची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान झालेली असावी, आणि जंतांचे औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला दिल्याची नोंद असावी.

व्यवहार

पिल्लू आणि आई प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. पाहिल्यानंतर इसार द्यायला हरकत नाही, पण त्याची पावती घ्यावी आणि पिल्लाची खूण, चिप क्रमांक, ठरलेली किंमत, नेण्याची तारीख तिच्यावर लिहून घ्यावी. नेतेवेळी एक साधा लेखी करार असावा. त्यात पिल्लू ठरावीक दिवसांत आजारी पडले तर काय होईल हे लिहिलेले असते आणि अनेक ठिकाणी ही मुदत ४८ तासांची ठेवलेली दिसते. पार्वोचा संसर्ग झाल्यापासून उलट्या व रक्ताची हगवण सुरू होईपर्यंत साधारण तीन दिवसांपासून आठवडाभराहून अधिक काळ जाऊ शकतो. म्हणजे ब्रीडरच्या घरून आलेला रोग ४८ तासांनंतरच उघड होण्याची शक्यता जास्त. म्हणून किमान दोन आठवड्यांची मुदत मागावी. आपण पिल्लू घरी नेल्यापासून दोन-तीन दिवसांत आपल्या डॉक्टरांना दाखवून त्याचा लेखी अहवाल ठेवू, ही आपली बाजूही करारात लिहावी. पुढे कधीही, कोणत्याही कारणाने कुत्रा सांभाळणे अशक्य झाले तर ब्रीडर त्याला परत घेईल, हे कलम ज्या करारात असेल त्या करारावर निःशंकपणे सही करावी.

किमतीबाबत घासाघीस करण्याची आपली सवय इथे बाजूला ठेवलेली बरी. आईचा गाभणपणातील आहार, तपासण्या, लसी, चिप, नोंदणी हे सगळे करणाऱ्याला पिल्लू स्वस्तात देता येत नाही. स्वस्तात मिळाले तर यातले काहीतरी गाळलेले असते आणि ते पैसे पुढे दवाखान्यात जातात.

घरी आणताना

आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू आणू नये. ब्रीडर आग्रह करत असेल तरीही नाही. मराठवाड्यासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, आणि मे महिन्यात आणणे अटळच असेल तर रात्रीचा प्रवास करावा. शक्यतो स्वतःची किंवा भाड्याची मोटार करून स्वतः आणायला जावे. पुण्याहून लातूर किंवा परभणी गाठायला कित्येक तास लागतात, तेव्हा निघण्याआधी तीन तास पिल्लाला खायला न देण्यास ब्रीडरला सांगावे, म्हणजे उलट्या कमी होतात. आईचा वास लागलेले एखादे फडके मागून घ्यावे आणि ते मांडीवर किंवा टोपलीत अंथरावे. वाटेत ढाब्यावर थांबल्यावर पिल्लाला लघवीसाठी जमिनीवर सोडणे ही फार मोठी जोखीम आहे, कारण पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतो आणि ढाब्याच्या आवारात दररोज किती कुत्री येऊन जातात याला गणती नसते. जुनी वर्तमानपत्रे गाडीतच अंथरावीत. त्याच कारणाने, आपल्या अंगणात गेल्या वर्षभरात एखादे पिल्लू पार्वोने दगावले असेल तर नवे पिल्लू आणण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पहिले दोन आठवडे ब्रीडर जे अन्न देत होता तेच, त्याच वेळांना द्यावे. लाडाने दूध-भाकरी कुस्करून घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण गाईचे दूध बहुतेक पिल्लांना बाधते आणि नुसत्या भाकरीतून वाढीला लागणारी प्रथिने मिळत नाहीत. ज्वारीच्या भाकरीचा एखादा तुकडा मोठेपणी खुशाल द्यावा. द्राक्षे, बेदाणे, कांदा, लसूण आणि चॉकलेट हे मात्र कधीच नाही. बीगलला पोट भरल्याचे कळतच नाही की काय असे वाटावे इतका तो खातो, म्हणून वाटीने मोजून अन्न द्यावे आणि घरातील प्रत्येकाला हा नियम सांगावा. आजोबांना विशेष समजावून सांगावे लागते.

गोठा असलेल्या घरांसाठी एक सूचना. गाई-म्हशींच्या गोचिडांवरचे औषध अंदाजाने पाण्यात कालवून पिल्लाच्या अंगाला लावू नये. त्या मात्रेने पिल्लू दगावू शकते. पावसाळ्यात गोचीड वाढतात आणि त्यांच्यापासून होणारा ताप बीगललाही होतो, तेव्हा वयाप्रमाणे व वजनाप्रमाणे औषध डॉक्टरांकडूनच घ्यावे.

पुढच्या लसी दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत घ्याव्या लागतात आणि रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर दिली जाते. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी तारीख यायच्या आधीच आठवडाभर दवाखान्यात फोन करून लस शिल्लक आहे का आणि वीज गेल्यावर ती थंड ठेवण्याची सोय आहे का, हे विचारून घ्यावे. सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर चालवू नये. मात्र कडेवर घेऊन बाजार, शाळेची सुट्टी होतानाचा गलबला, ट्रॅक्टर, बँड, बैलगाडी हे सगळे लांबून दाखवावे, कारण धीट होण्याचे त्याचे दिवस थोडेच उरलेले असतात. दर आठवड्याचे वजन आणि एखादे छायाचित्र ब्रीडरला पाठवत राहावे; हगवण, खाज, चावणे अशा पहिल्या अडचणींत त्याचा अनुभव उपयोगी पडतो.

रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र हाती आले की महापालिका हद्दीत राहणाऱ्यांनी श्वान परवान्याची चौकशी करून तो काढून घ्यावा. त्याच सुमारास केसीआयच्या नोंदीत आणि मायक्रोचिपच्या नोंदीत मालक म्हणून आपले नाव व चालू फोन क्रमांक लागला आहे याची खात्री करावी. गळपट्ट्यावर फोन क्रमांक कोरलेला बिल्ला तर पहिल्या दिवसापासूनच हवा, कारण फाटक अर्धा मिनिट उघडे राहिले आणि शेजारच्या गल्लीतून मटणाच्या रश्श्याचा वास आला, तर पिल्लू कुठल्या दिशेने गेले हे सांगायलाही कोणी नसते.